तीन महिन्यांची शुगर: आकड्यासोबत ग्राफही मागून घ्या

एचबीए१सी, म्हणजे आपण सगळे जिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतो ती तपासणी, आमच्या घरात दर तीन-चार महिन्यांनी होते. बाबा ७१ वर्षांचे आहेत, मधुमेह जुना आहे. आम्ही हिंगणघाटला राहतो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि बाबांची फाईल सांभाळणं हे माझं काम. या काळात घरी येऊन रक्त नेणारी मोठी कंपनी पाहिली, गावातलं कलेक्शन सेंटर पाहिलं, शाळेतलं शिबिर पाहिलं, आणि आता नागपूरच्या धंतोलीतल्या एका लहान लॅबवर स्थिरावलो आहोत. लॅबचं नाव देत नाही, कारण मला तपासणीबद्दल सांगायचं आहे. ही तपासणी उत्तम आहे. पण ती कोण करतं, कशी करतं आणि आकड्याच्या मागे काय दिसलं ते सांगतं की नाही, यावर तिची सगळी किंमत ठरते. विदर्भात राहणाऱ्यांनी तर हे नीट समजून घ्यायलाच हवं.

आधी चांगलं सांगते. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत राहते आणि एकदा पक्की चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिनला साखर लागली आहे हे मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती ते कळतं. उपाशी राहायची गरज नाही, सकाळी सातलाच जायची गरज नाही, जेवून दोन तास घड्याळ बघत बसायची गरज नाही. जांभळ्या टोपणाच्या बाटलीत दोन-तीन मिली रक्त दिलं की झालं.

नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेवर आम्ही किती वर्षं काढली! डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन दिवस बाबांचा चहा बिनसाखरेचा, भात बंद, संध्याकाळी विठ्ठल मंदिरापर्यंत चालणं. रिपोर्ट यायचा ११०, डॉक्टर खूश, बाबा खूश. घरी परतताना रसवंतीवर उसाचा रस. मी काही बोलले की, “आता उपाशीच मारतेस का बापाले?” तीन महिन्यांच्या शुगरला हे दोन दिवसांचं पथ्य चालत नाही. पोळ्याच्या पुरणपोळ्या, भाद्रपदातले मोदक, लग्नातली बुंदी, सगळं तिच्यात उतरतं. मागच्या एका महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो आणि त्याआधीच्या महिन्यांचा उरलेला. म्हणून दिवाळीनंतर लगेच तपासणी केली की बाबा नाराज होतात, पण मी तेव्हाच करते.

दुसरी जमेची बाजू उन्हाळ्याची. साध्या बाटलीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी स्वतःच साखर खात राहतात. तासाला पाच-सात टक्क्यांनी साखर उतरते. म्हणून साखरेच्या बाटलीला राखाडी टोपण असतं, तिच्यात फ्लोराईड असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, रक्त नेणारा मुलगा मोटरसायकलवर घरोघर फिरतो, आणि नमुना दुपारी कधीतरी लॅबमध्ये पोचतो. अशा वेळी उपाशीपोटीच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही. एचबीए१सी चा नमुना थंड डब्यात ठेवला तर काही दिवससुद्धा चांगला राहतो. लहान गावातल्या माणसाला ही मोठीच सोय आहे, कारण मशीन नागपूरला आणि आपण इथे.

आणि हा आकडा महत्त्वाचा का, तर डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा यांचं पुढे काय होणार हे त्याच्याशी बांधलेलं आहे. बाबांच्या डॉक्टरांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या १४४१ टाइप १ रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल आला. ज्यांची एचबीए१सी ७ च्या आसपास ठेवली होती त्यांना ९ च्या आसपास असलेल्यांपेक्षा डोळ्यांच्या पडद्याचा आजार खूपच कमी झाला. मग १९९८ साली ब्रिटनमधल्या अभ्यासाने बाबांसारख्या टाइप २ च्या रुग्णांबद्दल तेच दाखवलं. ७ आणि ७.९ एवढ्याशा फरकाने बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले. एका टक्क्याच्याही आतला फरक! म्हणूनच आकडा चुकीचा आला तर काय होतं, हे आता सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या कंपनीचं पॅकेज घेतलं होतं. सत्तर का किती तपासण्या, घरी येऊन रक्त, मोबाईलवर रंगीत रिपोर्ट. बाबांची एचबीए१सी आली ६.३. हिरव्या रंगात, शेजारी अंगठा. त्याखाली अंदाजे सरासरी ग्लुकोज १३४ लिहिलेलं. हे गणित कोणालाही करता येतं: एचबीए१सी ला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. म्हणजे ६ ला १२६, ७ ला १५४, ८ ला १८३.

पण बाबांच्या ग्लुकोमीटरची वही माझ्याकडे होती. शाळेची दोनशे पानी वही आहे, तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर असे रकाने मीच आखलेत. तिच्यात उपाशीपोटी १४० ते १६०, जेवणानंतर २२० च्या आसपास. १३४ हा आकडा शोधूनच काढावा लागेल. मग सरासरी १३४ कुठून आली? त्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने तीच दोन वाक्यं पुन्हा पुन्हा म्हटली: रिपोर्ट बरोबर आहे, डॉक्टरांना दाखवा. कोणत्या पद्धतीने केली ते विचारलं तर तिला प्रश्नच कळला नाही. रिपोर्टवर पद्धत लिहिलेलीच नव्हती. तेव्हाच्या डॉक्टरांनी ६.३ बघून एक गोळी कमी केली. पुढच्या दोन महिन्यांत बाबांच्या तळपायांची आग वाढली, रात्री पाय ओल्या फडक्यात गुंडाळून झोपायचे. मला आजही त्या हिरव्या अंगठ्याचा राग येतो.

पुढच्या वेळी ओळखीच्या एका परिचारिकेने धंतोलीतल्या लॅबचं नाव सुचवलं. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. लॅब म्हणजे दोन खोल्या, बाहेर लाकडी बाक, भिंतीवर दरपत्रक. रक्त देऊन संध्याकाळी घरी पोचलो, तोच टेक्निशियनचा फोन. “ताई, काकाजींच्या घरात कोणी सिकलचं आहे का?” सिकल म्हणजे सिकलसेल, लाल पेशींचा आनुवंशिक आजार. मी म्हटलं, नाही, आमच्याकडे कोणालाच काही नाही. तो म्हणाला, “ग्राफमध्ये एस दिसतो आहे. मॅडमशी बोलून घ्या.” आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः फोनवर आल्या. आधी कोणत्याही लॅबमधून असा फोन आलेला नव्हता.

त्यांनी जे सांगितलं ते इथे माझ्या शब्दांत देते. त्यांच्याकडे ही तपासणी एचपीएलसी पद्धतीने होते. रक्तातली निरनिराळी हिमोग्लोबिनं एका बारीक नळीतून पुढेमागे वेगळी होऊन बाहेर येतात आणि कागदावर प्रत्येकाचा एक डोंगर उमटतो. साध्या हिमोग्लोबिनचा मोठा डोंगर, त्याच्या अलीकडे साखर लागलेल्या हिमोग्लोबिनचं छोटं टेकाड. बाबांच्या ग्राफमध्ये मोठ्या डोंगराच्या पलीकडे आणखी एक उंच डोंगर होता. तो सिकलच्या हिमोग्लोबिनचा. म्हणजे बाबा वाहक, एएस पॅटर्न: एक जनुक साधं, एक सिकलचं. इतक्या वर्षांत कोणाला कळलं नाही, कारण वाहकाला सहसा त्रास होत नाही.

वाहकाच्या रक्तावर काही मशीनं, काही पद्धती गोंधळतात आणि आकडा खरा येत नाही. आजच्या पुष्कळ पद्धतींमध्ये हा दोष काढलेला आहे, पण आपल्या लॅबचं मशीन त्यांतलं आहे का हे विचारावंच लागतं. त्यातही एक बारकावा आहे. अमेरिकेत २०१७ साली कृष्णवर्णीय लोकांच्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की साखर सारखीच असली तरी सिकलच्या वाहकांची एचबीए१सी इतरांपेक्षा साधारण ०.३ ने कमी येते. आणि ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, एसएस पॅटर्न, त्यांच्या बाबतीत तर ही तपासणी वापरूच नये. त्यांच्या लाल पेशी १२० दिवस जगतच नाहीत, साखर चिकटायला वेळच मिळत नाही.

बाबांचा रिपोर्ट आला तो ७.१. त्याखाली शाईने सही केलेली टीप होती: हिमोग्लोबिन एस आढळले, आकडा इतर तपासण्यांशी ताडून पाहावा, फ्रुक्टोसामाईन ही तपासणी करावी. मॅडमनी स्वतः विकलेल्या तपासणीवरच ‘एवढ्यावर भरवसा ठेवू नका’ असं लिहून दिलं. मला वाटतं, लॅब चांगली की नाही हे अशा टीपेवरून ओळखावं.

मला नंतर कळलं की एचबीए१सी चा मधुमेहाशी असलेला संबंधच मुळी अशा वेगळ्या हिमोग्लोबिनांच्या शोधातून कळला. १९६८ च्या सुमारास तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर रुग्णांच्या रक्तात विकृत हिमोग्लोबिन धुंडाळत होते. तेव्हा मधुमेहींच्या रक्तात त्यांना एक निराळाच पट्टा दिसला. साखर लागलेलं हिमोग्लोबिन ते हेच. पुढे १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा उपयोग साखरेवर लक्ष ठेवायला होईल असं दाखवलं. म्हणजे ग्राफ बघणं हे या तपासणीचं मूळच आहे, आणि आज आपल्याला मोबाईलवर नुसता आकडा मिळतो, ग्राफ सहसा कोणी देत नाही.

त्या एका फोनमुळे आमच्या घरात बरंच काही हललं. विदर्भात, नंदुरबारकडे सिकल किती आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. आदिवासींमध्ये आहे आणि इतर अनेक समाजांतही आहे. माझी पुतणी लग्नाची आहे. ग्रामीण रुग्णालयात आम्ही सगळ्यांनी सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलची प्राथमिक तपासणी, केली, ज्यांची पॉझिटिव्ह आली त्यांची पुढची तपासणी झाली. माझा भाऊ वाहक निघाला, वहिनी नाही, पुतणी वाहक निघाली. आता मुलगा बघताना त्याचंही रक्त तपासायचं, एवढंच. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला सिकलसेलचा आजार होण्याचा चारातला एक धोका असतो. भावाला आधी हे कोणाला सांगायचंच नव्हतं. पुतणीनेच त्याला सांगितलं की लपवलं तर मी लग्नच करणार नाही. मला तिचा फार अभिमान वाटला. शुगरची तपासणी करायला गेलो आणि हे हाती आलं.

वहिनीची गोष्ट उलटी. तिच्या ऑफिसात आरोग्य तपासणी झाली, त्यात एचबीए१सी ६.२ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. वहिनीने रडून घेतलं, भात सोडला, दोन घास खाऊन उठायला लागली. पण तिची उपाशीपोटी साखर होती ९२ आणि जेवणानंतर ११८. डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन बघितलं: ८.६. पाळीचा त्रास तिला बरीच वर्षं होता आणि तो ती अंगावर काढत होती. लोह कमी असलं की एचबीए१सी खोटी वाढून येते. आपल्याकडे किती बायांचं हिमोग्लोबिन आठ-नऊच्या आसपास असतं! त्यांतल्या कितीजणींना नुसत्या या आकड्यावरून शुगरच्या गोळ्या लागल्या असतील या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं. वहिनीला लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीवर उपचार केले. हिमोग्लोबिन १२ च्या जवळ आलं आणि एचबीए१सी ५.६ वर उतरली. आहारात तिने भात परत घेतला होता, तरी.

याच्या उलटही घडतं. नुकतंच एकदम फार रक्त गेलं असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, लाल पेशी लवकर फुटत असतील, तर आकडा खोटा कमी येतो. मूत्रपिंड खराब असलेल्यांचाही भरवशाचा नसतो. त्यामुळे एचबीए१सी सोबत साधा सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी, करून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्हींना जांभळ्या टोपणाचीच बाटली लागते, वेगळी सुई टोचावी लागत नाही.

बाबांच्या फ्रुक्टोसामाईनकडे येते. ही तपासणी हिमोग्लोबिनऐवजी रक्तातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेली साखर मोजते आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगते. तिला सिकलची अडचण नाही. अल्ब्युमिन मात्र ठीक हवं, म्हणून ते आधी तपासलं. बाबांचं फ्रुक्टोसामाईन ३६० आलं. साधारण २८५ च्या आत हवं. हे माझ्या दोनशे पानी वहीशी बरोबर जुळलं. डॉक्टरांनी काढलेली गोळी परत सुरू केली, वेळा बदलल्या.

एक गोष्ट मात्र यातल्या कोणत्याच तपासणीने सांगितली नाही. बाबा पहाटे घामाघूम होऊन उठायचे आणि म्हणायचे, उकडतं. एकदा पहाटे तीनला मी ग्लुकोमीटर लावला तर ६२! दिवसा २२०, पहाटे ६२, आणि सरासरी बघायला सुंदर. सरासरीत चढही लपतात आणि उतारही लपतात. म्हातारी माणसं आणि साखर फार खाली नेऊ शकणाऱ्या ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या असतील तर पहाटेची साखर कधीतरी बघाच. बाबांना आता ७ च्या आत कोंबायचं नाही, साडेसातच्या आसपास राहू द्यायचं, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

शिबिरांबद्दलही सांगते. आमच्या शाळेत आरोग्य शिबिरात बोटाला टोचून छोट्या यंत्रावर एचबीए१सी केली होती. पाच-सात मिनिटांत आकडा हातात. ज्यांनी कधीच काही तपासलं नव्हतं अशा आमच्या दोन शिपाईदादांना तिथेच पहिल्यांदा कळलं की काहीतरी गडबड आहे, हे चांगलंच झालं. पण त्या आकड्यावरून औषध सुरू करू नये, लॅबमध्ये जाऊन पक्कं करून घ्यावं. आणि आज या यंत्रावर, पुढच्या वेळी त्या लॅबमध्ये असं फिरत राहिलं तर ७.२ चं ६.९ झालं ते साखर सुधारली म्हणून की मशीन बदललं म्हणून, हे कोणालाच सांगता येणार नाही. एकच लॅब धरावी. ०.५ च्या आतल्या फरकाने हुरळूनही जाऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये.

लॅब धरायच्या आधी मी आता ओळखीच्यांना चार प्रश्न विचारायला सांगते. पद्धत कोणती? ग्राफ मिळेल का? एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का? बाहेरची गुणवत्ता तपासणी होते का? वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाकडून देशभरातल्या लॅबना नमुने येतात, ते तपासून उत्तरं पाठवायची आणि आपली उत्तरं इतरांशी जुळतात का बघायचं. धंतोलीच्या लॅबने मला त्यांचा त्या महिन्याचा कागद काढून दाखवला. मान्यतेचं चिन्ह मोठ्या कंपन्यांकडेही असतं, त्याला माझी ना नाही. पण शंका आली तर फोनवर माणूस भेटतो का, हेही विचारून बघा.

धंतोलीच्या लॅबबद्दल तक्रारीही आहेतच. मॅडम दुपारी दोननंतर सहसा लॅबमध्ये नसतात, त्यामुळे संध्याकाळी रिपोर्ट घेतला तर शंका विचारायला दुसऱ्या दिवशी फोन करावा लागतो. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वर चढवताना जीव मेटाकुटीला येतो. खाली रक्त घ्यायची सोय केली तर फार बरं होईल, हे मी त्यांना सांगितलं आहे. रविवारी बंद.

दर: एचबीए१सी साडेचारशे, सीबीसी सोबत घेतला तर सहाशे. फ्रुक्टोसामाईन सातशे, पण ते दुसऱ्या लॅबकडे पाठवतात, म्हणून दोन दिवस लागतात. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तेव्हा एकच पान येतं. ग्राफचं दुसरं पान काउंटरवर वेगळं मागावं लागतं, त्याचे पैसे घेत नाहीत.